पाटी आणि परका माणूस



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी 'पाट्या' असे एका शब्दात उत्तर दिले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मास्तर, आणखी काहीतरी जोडा. लोकांना वाटेल, तुम्ही शाळेतल्या पाटीपेन्सिलीवर बोलणार." त्यांचे म्हणणे बरोबर होते. आमच्या पिढीला पाटी म्हटली की दगडी पाटीच आठवते. मंडईत जावे तर तिथे डोक्यावरची भाजीची पाटी निराळीच. एका शब्दाची ही जी तऱ्हा आहे ना, ती आजच्या विषयाला सोडून नाही. मी बोलणार आहे ते रस्त्यावरच्या, दुकानावरच्या, कारखान्यातल्या आणि स्टेशनावरच्या पाट्यांविषयी. आणि त्यातही एका भाषेतला मजकूर दुसऱ्या भाषेत नेताना ज्या गमती होतात त्यांविषयी. गमती म्हणतो खरा, पण त्यांतल्या एक-दोहोंनी माझी झोप उडवली आहे, हेही आधीच सांगून ठेवतो.

जन्मभर मराठी आणि हिंदी शिकवण्यात गेल्यावर या नव्या उद्योगात मी पडलो तो एका पेंटर मित्रामुळे. आता त्याने ब्रश ठेवून फ्लेक्सचे यंत्र घेतले आहे, पण गावात सगळे त्याला पेंटरच म्हणतात. २०२२ साली महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांचा कायदा दुरुस्त झाला. दहापेक्षा कमी माणसे कामावर असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी आवश्यक झाली आणि मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, असे ठरले. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मग काय, पेंटरकडे कामाची रीघ लागली आणि तो रोज संध्याकाळी कागदाचे भेंडोळे घेऊन माझ्या ओट्यावर येऊ लागला. "मास्तर, याचे मराठी सांगा."

सांगायचे काय? निम्म्या कागदांवर लिपी बदलली की काम होत होते. 'रॉयल मोबाईल शॉपी' हे रोमनमध्ये होते, ते देवनागरीत झाले. या 'शॉपी'ची मात्र मला मौज वाटते. इंग्रजीत दुकानाला जुनेपणाची ऐट आणण्यासाठी त्याच्या स्पेलिंगला शेवटी दोन जादा अक्षरे जोडतात. ती उच्चारायची नसतात. आपल्या लोकांनी ती प्रामाणिकपणे उच्चारली आणि 'शॉपी' जन्माला आली. लंडनच्या माणसाला ती कळायची नाही. पण भिवंडीत 'मोबाईल शॉपी कुठे आहे' असे विचारले तर पोरगेही दाखवील. तेव्हा ती मराठीच. मी पेंटरला म्हटले, "जशी आहे तशी रंगव." शुद्धतेच्या अभिमान्यांनी मला क्षमा करावी.

खरा प्रश्न उभा राहिला तो यंत्रमागाच्या एका कारखान्यात. मालकांनी नव्या पाट्या करायच्या म्हणून मला आत नेले. मागांचा खडखडाट इतका की शेजारच्याचे बोलणेही ऐकू येऊ नये. विजेच्या पेटीवर लाल अक्षरांत लिहिले होते: 'धोका, ४४० व्होल्ट'. तिथेच एक पोरसवदा विणकर उभा होता. मऊकडचा, येऊन दोन महिने झालेले. मी त्याला खुणेने विचारले, वाचता येते का? तो हसला. शाळा शिकलेला मुलगा. त्याने पाटी मोठ्याने वाचून दाखवली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मास्टरजी, इसमें धोखा किसने दिया?"

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. चाळीस वर्षे दोन्ही भाषा शिकवल्या, पण ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. मराठीत धोका म्हणजे संकट, जिवावरचा प्रसंग. हिंदीत आणि उर्दूत धोखा म्हणजे फसवणूक, विश्वासघात. संकटाला ते 'खतरा' म्हणतात. लिपी तीच, शब्द जवळजवळ तोच. आणि म्हणूनच घात. रशियन अक्षरे असती तर त्या मुलाने निदान विचारले असते की हे काय आहे. इथे त्याला वाटले की आपल्याला कळले. त्या पाटीवर कवटी आणि दोन हाडे काढलेली होती म्हणून बरे.

असे जोडशब्द आपल्याकडे पुष्कळ. २००१ साली 'सर्व शिक्षा अभियान' सुरू झाले तेव्हा मराठी घरांत त्याची चेष्टा झाली, कारण आमच्याकडे शिक्षा म्हणजे छडी. आणि ही 'चेष्टा' तरी? हिंदीत ती म्हणजे प्रयत्न! अभियानाच्या नावाने कोणाचा जीव जात नाही, तेव्हा हसून सोडून देता येते. विजेच्या पेटीपाशी तसे करता येत नाही.

त्या दिवसापासून मी जिथे मिळेल तिथे पाट्यांविषयी वाचू लागलो, आणि वाचता वाचता जपानात जाऊन पोहोचलो. आपण म्हणाल, भिवंडीचा मास्तर एकदम जपानात कुठे? तर जपान आता तितके लांब राहिलेले नाही. मुंबई-अहमदाबाद मार्गावर जपानी शिंकान्सेनच्या धर्तीची जी जलदगती रेल्वे होते आहे, तिच्या गाड्यांचा ठाण्याच्या नावाचा डेपो आपल्याच तालुक्यात, अंजूर-भरोडीच्या शिवारात आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांना साहाय्य करणाऱ्या गंगाजी नाईकांचे अंजूर ते हेच. तेव्हा जपान्यांच्या पाट्या कशा असतात हे आपण पाहून ठेवलेले बरे.

त्यांची अडचण आपल्यापेक्षा बिकट आहे. त्यांची चित्रलिपी परदेशी माणसाला एक अक्षरही कळू देत नाही. म्हणून पाटीखाली रोमन लिहावे लागते. पण रोमनमध्ये लिहायचे काय, उच्चार की अर्थ? तोक्योमध्ये संसदेकडे जाणाऱ्या रस्त्यांवर रोमनमध्ये 'कोक्काई' लिहिलेले असे. कोक्काई म्हणजे संसद. पण हे ज्याला ठाऊक आहे त्याला रोमन पाटीची गरज काय? म्हणून २०१३ साली तिथे 'नॅशनल डाएट' लिहायचे ठरले. इंग्रजीत जपानच्या संसदेला डाएट म्हणतात. आपल्याकडचा एखादा मधुमेही तिथे गेला तर त्याला वाटेल, इथे राष्ट्रीय पथ्य सांभाळले जाते! आणि दुसरी अडचण निघालीच. परदेशी माणसाला पाटी कळली, पण त्याने तेच शब्द तिथल्या टॅक्सीवाल्यापुढे उच्चारले तर टॅक्सीवाल्याला काय कळणार? त्याला कोक्काईच ठाऊक. पाटी वाचण्यासाठी अर्थ लागतो, आणि वाट विचारण्यासाठी उच्चार.

नद्या-डोंगरांच्या नावांचेही तसेच. त्यांच्या नकाशाखात्याने २०१६ साली त्यासाठी नियम केले. 'गावा' म्हणजे नदी. म्हणून तोनेगावाचे 'तोने रिव्हर' केले. परंतु आराकावातला 'कावा' काढून नुसते 'आरा' ठेवले तर कोणाला ओळखू येईना; म्हणून तिथे 'आराकावा रिव्हर', म्हणजे आरा नदी नदी. आपण हसू नये. आपण 'सिंहगड फोर्ट' लिहितो तेव्हा किल्ला दोनदा बांधतोच की! माझ्या मते त्यांनी केले ते शहाणपणाचे केले. व्याकरणाला जे दोनदा झाले ते प्रवाशाला एकदाच पुरेसे होते.

गोंधळ होतो तो यंत्राच्या हाती काम सोपवले म्हणजे. २०१९ साली ओसाका मेट्रोच्या संकेतस्थळावर यंत्राने केलेले इंग्रजी प्रसिद्ध झाले. तिथे 'साकाईसुजी' नावाचा मार्ग आहे. 'सुजी' या अक्षराचा एक अर्थ शरीरातला स्नायू. आणि ओसाकात दक्षिणोत्तर रस्त्यांना सुजी म्हणतात. यंत्राने मार्गाचे नाव लावले 'साकाई मसल', म्हणजे साकाईचा स्नायू. तेंगाचाया नावाच्या स्टेशनाचे झाले 'जागतिक चहागृह'. शेवटी ती पाने काढून घ्यावी लागली. हे वाचून मी खूप हसलो, आणि मग माझ्या मनात आले की या यंत्राला आपल्या गावात आणून सोडले तर? कासारआळीतली आळी म्हणजे झाडावरची अळी. आणि कल्याण नाका, धामणकर नाका, वंजारपट्टी नाका यांच्याकडे पाहून ते म्हणेल, या गावाला इतकी नाके कशी? नाका म्हणजे एके काळी जकात घेण्याची जागा. जकात गेली, नाका राहिला, आणि आता नाका म्हणजे चार वाटा मिळतात, रिक्षा मिळते, चहा मिळतो ती जागा. याला इंग्रजी शब्द नाही आणि शोधूही नये. अंजूर फाट्याचा 'फाटा'ही तसाच.

आपल्या स्टेशनाचे नाव मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. दिवा-वसई मार्गावर उतरावे तर पाटी 'भिवंडी रोड'. मुंबईत ग्रँट रोड, रे रोड या नावांत खरोखरीचे रस्ते आहेत. पण नाशिक रोड, वसई रोड, भिवंडी रोड यांतला रोड निराळा. रेल्वेच्या बोलीत त्याचा अर्थ असा की, बाबा रे, गाव इथे नाही. इथे उतर आणि पुढे रस्त्याने जा. एवढी मोठी सूचना त्या दोन अक्षरांत भरलेली, आणि आपण ती देवनागरीत जशीच्या तशी उतरवून ठेवली. एकही अक्षर चुकलेले नाही, आणि नवख्या माणसाला सूचनाही पोहोचलेली नाही. तो रिक्षावाल्याला विचारतो, "भिवंडी रोडवर तर उतरलो, आता भिवंडी कुठे?"

आता मनाईच्या पाट्या. यात मात्र मराठीचा हात धरणारी भाषा मी पाहिली नाही. 'फुले तोडू नयेत.' बघा, यात 'तू' नाही, 'तुम्ही' नाही, हुकूम नाही की विनवणी नाही. जगाची रीतच अशी आहे, असे शांतपणे सांगितलेले. इंग्रजीवरून भाषांतर करणारे याला उगाच 'कृपया' चिकटवतात. मग ते 'कृपया फुले तोडू नयेत' असे लंगडे वाक्य होते. जपानीत अशा ठिकाणी जे लिहितात त्याचा शब्दशः अर्थ होतो 'संकोच बाळगावा'. फोटो काढण्याबाबत संकोच बाळगावा, म्हणजे काढू नये. जपानी माणूस तो इशारा बरोबर ओळखतो. त्याचे इंग्रजी सौम्य करून लिहिले की परदेशी पाहुण्याला वाटते, थोडासा काढायला हरकत नसावी. प्रत्येक भाषेची 'नाही' म्हणण्याची पट्टी निराळी असते, ती पेटीच्या पट्टीसारखी लावून घ्यावी लागते.

जुन्या पाट्यांत 'वाहने सावकाश हाका' अशी एक पाटी असे, अजूनही घाटात कुठे कुठे दिसते. हाकायचे बैलाला, मोटार हाकता येत नाही. पण पाटी वाचताच पाय आपोआप ब्रेकवर जातो. तिच्या शेजारी नवी पाटी पाहा: 'अपघातप्रवण क्षेत्र'. इंग्रजीतल्या प्रत्येक शब्दाला एक संस्कृत शब्द मोजून दिला आहे. ट्रकवाल्याला 'प्रवण' म्हणजे काय हे कळेपर्यंत क्षेत्र मागे पडलेले असते.

मी संस्कृत शब्दांच्या विरुद्ध नाही. शिवछत्रपतींनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला ती परंपरा आपली आहे. सावरकरांचे 'महापौर' आणि 'दिनांक' आज कोणाला परके वाटत नाहीत. 'गतिरोधक' तर रिक्षावालाही म्हणतो. १९६२ साली सरकारचा पदनाम कोश निघाला तेव्हा अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून झोडपले. तरी त्यातले कित्येक शब्द आज आपण बिनतक्रार वापरतो. कचेरीतला शब्द अवघड असला तरी चालून जातो, कारण तिथे विचारायला कारकून असतो, आणि दहा खेपा घातल्या की शब्दही पाठ होतो. पाटीपाशी कारकून नसतो.

पावसाळ्याच्या तोंडाला जुन्या इमारतींवर ज्या नोटिसा लागतात त्या मी हल्ली थांबून वाचतो. 'सदर इमारत सी-१ या प्रवर्गात मोडत असून ती तात्काळ निष्कासित करणे आवश्यक आहे.' सी-१ म्हणजे अतिधोकादायक, हे इंजिनियरला ठाऊक. निष्कासित करणे म्हणजे पाडणे, हे कचेरीला ठाऊक. हिंदी माणसाच्या लेखी निष्कासित म्हणजे हाकलून दिलेला. मुलाला शाळेतून निष्कासित करतात. आता एका खोलीत पाच-सहा जण राहणारे कामकरी लोक ही नोटीस वाचून काय समजतील? इमारतीला हाकलून दिले! आपल्या गावाने २१ सप्टेंबर २०२० ची पहाट पाहिली आहे. पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपेतल्या माणसांसकट खाली आली आणि तिसांहून अधिक जीव गेले. ते संकट पाटीने आणले नव्हते आणि नुसत्या पाटीने टळलेही नसते. दुसरीकडे भाडे परवडत नाही म्हणून माणसे राहतात, हे मला समजते. परंतु 'ही इमारत पडेल. आत राहू नका.' एवढी सहा शब्दांची मराठी लिहायला पैसे पडत नाहीत. आणि खाली तेच हिंदीत आणि उर्दूत लिहिले तर मराठीचे काय कमी होणार आहे?

हा शेवटचा प्रश्न काही लोकांना बोचेल, याची मला कल्पना आहे. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू होते, त्यावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की मराठी असताना जोडीला उर्दू लिहिण्यास कायद्याची आडकाठी नाही. मी मराठीचा मास्तर आहे, पाटीवर मराठी वर आणि ठळक असावी असेच मी म्हणेन. परंतु आपले गाव कसे आहे? पद्मानगरात तेलुगू, नाक्यानाक्यावर उर्दू आणि हिंदी, बाजारात गुजराती. दुकानाची पाटी ही मालकाची ओळख असते, तिच्यात अभिमानाला जागा आहे. धोक्याची पाटी ही वाचणाऱ्यासाठी असते.

अर्थात पाच भाषा एका पाटीवर कोंबल्या तर अक्षरे मुंगीएवढी होतात आणि कोणालाच काही दिसत नाही. जपानी लोकांनी या अडचणीतून जी वाट काढली ती मला सर्वांत मोलाची वाटते. १९६४ साली तोक्योत ऑलिंपिक भरले. जगभरचे पाहुणे येणार, जपानी कोणाला येत नाही. तेव्हा कात्सुमी मासारू यांच्या देखरेखीखाली खेळांसाठी आणि सोयींसाठी सोपी चित्रे तयार केली गेली. पुढे १९७२ साली ओसाकात सेन्निची नावाच्या मोठ्या दुकानाच्या इमारतीला आग लागून ११८ माणसे दगावली, दुसऱ्याच वर्षी कुमामोतो गावी तसेच झाले. बाहेर पडण्याच्या दारांवर तेव्हा शब्द असत. धुरात, घाबरलेल्या डोळ्यांना शब्द वाचायला वेळ लागतो, मग ते आपल्या मातृभाषेतले का असेनात. म्हणून लोकांकडून चित्रे मागवली, त्यांतले एक युकिओ ओता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घासूनपुसून नीट केले. हिरव्या रंगावर, दारातून धावत बाहेर पडणारा माणूस. १९८० च्या दशकात ते चित्र आंतरराष्ट्रीय मानकांत गेले. आपल्या ठाण्या-मुंबईच्या सिनेमागृहांत दारावर दिसतो तो माणूस हाच.

हे सांगण्याचे कारण असे की गेल्या हिवाळ्यात पेंटर मला काल्हेर-राहनाळच्या बाजूला एका गोदामात घेऊन गेला. कापडाच्या आणि पुठ्ठ्याच्या थप्प्या छपरापर्यंत. मागच्या भिंतीत एक लोखंडी दार, त्यावर इंग्रजी पाटी होती, तिचे कोणीतरी मराठी करून दिले होते: 'अग्नि निर्गमन द्वार'. मी तिथल्या एका हमालाला विचारले, "यह दरवाज़ा काहे का है?" तो म्हणाला, "पता नहीं साब, आग-वाग का कुछ है. उधर हम जाते नहीं." आगीच्या वेळी ज्या दाराने पळायचे त्या दारापासून आगीच्या भीतीने माणसे दूर राहत होती! आणि दारासमोर, कोणी जात नाही म्हणून, खोक्यांची रास रचलेली.

मी आणि पेंटर घरी येऊन ओट्यावर बसलो. 'संकटकालीन मार्ग' लिहून पाहिले, खोडले. 'आपत्कालीन' खोडले. हिंदीतले 'निकास' मराठी माणसाला अडेल. बऱ्याच वेळाने पेंटरच म्हणाला, "मास्तर, नुसते 'बाहेर' लिहिले तर?" मराठीत बाहेर, हिंदीत बाहर, उर्दूत बाहर. तेलुगू कामगारांसाठी म्हणून वर तो धावणारा हिरवा माणूस आणि दाराकडे बाण. मालकांना मजकूर फारच थोडा वाटला. एवढ्या मोठ्या पाटीवर एकच शब्द, म्हणून त्यांनी पेंटरच्या बिलातून काही रुपये कापलेही. पण पाटी लावून घेतली, आणि लावण्यासाठी शिडी उभी करायची म्हणून समोरची खोकी हलवावी लागली. परवा मी त्या बाजूला गेलो होतो तेव्हा मुद्दाम डोकावून पाहिले. दार उघडे होते, आणि चार हमाल उंबऱ्यावर वाऱ्याला बसून डबा खात होते.